तायडेबाई आणि सेल्फ गेलेली बस

गेटाबाहेर उभ्या असलेल्या बसच्या मागे जायचं, साडी गुडघ्यांत दाबून उकिडवं बसायचं आणि धुराच्या नळीसमोर पांढरा रुमाल धरायचा, हा कोणाचा रोजचा कार्यक्रम असू शकतो, असं मला मुलुंडला राहायला येईपर्यंत वाटलं नव्हतं. आमच्या तळमजल्यावरच्या तायडेबाईंचा तो होता. सकाळी सात वाजता, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मनात दहा आकडे मोजून झाले की त्या उठायच्या, रुमालावर उमटलेला काळा गोल नीट बघायच्या आणि बसच्या कडेकडेने पुढे येऊन तो ड्रायव्हरच्या खिडकीत वर धरायच्या.

"हे काय आहे?"

"रुमाल," ड्रायव्हर म्हणायचा.

"रुमाल नाही. माझ्या भावाचं फुप्फुस आहे. बंद कर तुझी चूल."

ड्रायव्हर कधी हसायचा, कधी खिडकीची काच वर करायचा. चूल मात्र बंद व्हायची नाही. मग बाई घरी येऊन रुमालाच्या कोपऱ्यात बॉलपेनने बसचा नंबर आणि वेळ घालायच्या आणि तो फाईलला लावायच्या. अशा तीन फाईली त्यांच्या कपाटात होत्या. पौर्णिमेला विहारात वंदनेला जाताना नेसायच्या पांढऱ्या साड्या विरल्या, की बाई त्यांचे चौकोन कापून कडा दुमडून घेत. दुकानातले रुमाल आधीच मळके पांढरे असतात आणि पुरावा शुद्ध पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाई मूळच्या बुलढाण्याकडच्या. पालिकेच्या शाळेत त्यांनी पोरांना पी.टी. शिकवली, ती निवृत्त होईपर्यंत. लग्न केलं नाही. चारशे पोरांच्या ओळी सरळ करता करता एक नवरा सरळ करायचा राहून गेला, असं त्याच सांगायच्या. वय सदुसष्ट, पण मान अशी ताठ, की त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपोआप पोट आत जायचं. सोसायटीत त्या कोणालाच नावाने हाक मारत नसत. ज्याचा जो फ्लॅट, तो त्याचा हजेरी नंबर. मी दोनशे चार. पहिल्या मजल्यावरचे कापडवाले शहा एकशे एक. शहांनी एकदा, बाई, माझं नाव किशोर आहे, असं सांगून पाहिलं. "किशोर माझ्या शाळेत एकवीस झाले," बाई म्हणाल्या. "एकशे एक एकच आहे."

आणि त्यांचा आवडता शब्द होता, काहून. का, कशासाठी, कोणत्या अधिकाराने, हे सगळं त्या एका शब्दात यायचं. लिफ्ट बंद आहे म्हटलं की काहून. पाणी अर्धा तास उशिरा येणार, काहून. बोर्डावर सूचना लावली आहे असं सांगितलं, तर सूचना लावली म्हणून लिफ्ट चालू होते का, हा पुढचा प्रश्न. सेक्रेटरी त्यांना बघून जिन्याने जात. लिफ्ट चालू असतानाही.

आता रुमालाचं कारण सांगतो. बाईंच्या घरात त्यांचा धाकटा भाऊ राहतो, मिलिंदभाऊ. त्यांनी जन्मभर शहरात बस चालवली, डिझेलची, ड्रायव्हरच्या मांडीला लागून इंजिन असायचं त्या काळातली. आता त्यांची फुप्फुसं गेली आहेत. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी, आणि बाथरूमपर्यंत जाऊन यायचं तर मध्ये एकदा खुर्चीवर बसावं लागतं. बायको आधीच वारली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. डॉक्टरांनी बाईंना एकच गोष्ट बजावली होती. धूर लागता कामा नये. औषधं आम्ही देतो, धुराचं तुम्ही बघा.

आणि आमची सोसायटी म्हणजे बसचा शेवटचा थांबा. बस इथपर्यंत येते, भिंतीलगत वळते, पंधरा मिनिटं थांबते आणि परत जाते. वळून उभी राहिली की तिचं शेपूट येतं बरोबर मिलिंदभाऊंच्या खिडकीसमोर. मी एकदा पावलं टाकून मोजलं, चार पावलं. आणि त्या पंधरा मिनिटांत इंजिन चालूच. एक बस गेली की दुसरी. खिडकी कायमची बंद, फटीत ओला टॉवेल कोंबलेला. मे महिन्यात त्या खोलीत दोन मिनिटं बसलो तर माझाच जीव कासावीस व्हायचा. तिथे तो माणूस दिवसभर पडलेला.

आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांनी बाईंना सल्ला दिला, घर बदला. हे सगळे मागच्या बाजूला राहणारे. मीही मनातल्या मनात तो सल्ला दिला होता, खोटं कशाला बोला. माझी खिडकीही मागेच आहे.

मिलिंदभाऊंची स्वतःची मात्र बसबद्दल काही तक्रार नव्हती. हा त्या घरातला रोजचा तंटा होता. बाहेर बस येऊन उभी राहिली, की ते डोळे मिटून ऐकायचे. "हिचा फॅनबेल्ट सैल आहे," म्हणायचे. "हिचा एक नोझल गळतोय." बाई संतापायच्या. "तुला मारून राहिली ती आणि तू तिची तब्येत विचारून राहिला?" यावर ते हसायचे, हसताना खोकला यायचा, आणि खोकला आला की बाई रुमाल घेऊन बाहेर.

सात दहाच्या बसवर तेव्हा सावंत नावाचा ड्रायव्हर असायचा. कणकवलीकडचा, चाळिशीतला, सोशिक माणूस. बस ठेंगणी, मिडी म्हणतात तसली, आणि इतकी जुनी की तिचा लाल रंग आता कोणता असं विचारलं तर सांगता आलं नसतं. एका सकाळी बाईंनी रुमाल धरला तेव्हा तो खाली उतरला आणि त्याने हात जोडले.

"बाई, माका काय हौस आसा काय? तिचो सेल्फ गेलोहा. एकदा बंद केलंय तर ती परत चालू जावची नाय."

सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला जागं करणारी मोटर. ती गेली की बस धक्का मारून चालू करावी लागते. शेवटच्या थांब्यावर धक्का कोण मारणार? म्हणून ड्रायव्हर लोक अशी बस सकाळी डेपोतून धक्का मारून काढतात आणि मग दिवसभर बंदच करत नाहीत. चहाला गेले तरी चालू. दुरुस्तीला लिहून दिलं तर सामान नाही. सामान काहून नाही? तर आता सगळ्या इलेक्ट्रिक येणार, या जुन्या गाड्यांवर खर्च कशाला.

म्हणजे बघा. बस स्वच्छ होणार म्हणून घाणेरडी बस दुरुस्त करायची नाही. आणि स्वच्छ बस कधी येणार, तर ते माहीत नाही. तोपर्यंत मधल्या लोकांनी काय करायचं? श्वास घ्यायचा नाही? मला हे ऐकून राग आला, आणि मी राग आला की ऑफिसला निघून जाणारा माणूस आहे. बाई जाणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"किती माणसं लागतात धक्क्याला?" त्यांनी सावंतला विचारलं.

"धा-बारा. हय उतार आसा, म्हणजे आठांत भागात."

"बंद कर. आठ मी देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या बिल्डिंगखाली शिट्टी वाजली. मी जिन्यालगतच्या सामाईक गॅलरीत आलो. खाली बाई हजेरी घेत होत्या. वॉचमन, समोरचा वाणी, कापडवाले शहा, आणि बसची वाट बघत असलेले दोन-तीन प्रवासी, सगळे एका ओळीत उभे. बाईंनी वर बघितलं.

"दोनशे चार, काहून उभा? खाली ये."

मी बनियनवर शर्ट चढवत खाली गेलो. सावंतने चावी बंद केली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या भिंतीलगत शांतता झाली. सुटायची वेळ होईपर्यंत आम्ही नुसते उभे होतो. सात दहाला बाईंनी आम्हाला बसच्या मागे लावलं, उंच माणसं मध्ये, ठेंगणी कडेला. "कंबरेतून नाही, मांड्यांतून. गुडघे वाकवा. एकशे एक, पोट बसला नका लावू, हात लावा." शिट्टी झाली. आम्ही ढकललं. बस आधी हलेचना, मग हलली, उताराला लागली, सावंतने क्लच सोडला आणि इंजिन धडधडून पेटलं. तोंडावर धुराचा लोट आला. आम्ही सगळे खोकत होतो आणि बाई घड्याळ बघत होत्या.

"पंधरा मिनिटांचा धूर पाच सेकंदांत आटोपला," त्या म्हणाल्या. "आणि तोही भावाच्या खिडकीपासून लांब. उद्या याच वेळी."

उद्याही झालं, परवाही झालं. सुरुवातीला लोकांनी खूप टाळाटाळ केली. शहांची पाठ धरली, वाण्याच्या दुकानात ऐन सातला माल यायला लागला. बाई दारावर जाऊन बेल दाबायच्या. "आजारी असाल तर चिठ्ठी द्या," म्हणायच्या. आणि विश्वास ठेवा, शहांनी खरोखर एकदा डॉक्टरांची चिठ्ठी आणून दिली. ती बाईंनी वाचली, तारीख जुनी आहे म्हणून परत केली. हळूहळू माणसांनाही मजा वाटू लागली. पोट कमी झाल्याचं शहाच सांगू लागले. आणि सात दहाची बस म्हणजे आपली बस, असं काहीतरी आम्हाला वाटायला लागलं. रस्त्याने जाणारे लोक मोबाईलवर शूटिंग करायचे. हसत हसत करायचे. एकानेही हात लावला नाही, हे मी आजही विसरलो नाही.

पण धक्का एका बसला मारता येतो. दिवसभरात बस येणार पन्नासेक, त्यांतल्या निम्म्यांचं हेच दुखणं. आणि त्याच सुमारास दुसऱ्या मार्गांवर नव्या इलेक्ट्रिक बस सुरू झाल्या. हार-तुरे झाले, नारळ फुटले, पुढाऱ्यांचे फलक लागले. आम्हालाही वाटलं, आता आपल्याकडे. आल्या कुठल्या? तिकडच्या मार्गावर नव्या आल्या आणि तिथल्या जुन्या, डिझेल ओकणाऱ्या, आमच्याकडे पाठवल्या. आधी निम्म्यांचे सेल्फ गेलेले होते, आता जवळजवळ सगळ्यांचे. मोठ्या सोसायटीत नवा फ्रीज आला की जुना गावाकडच्या भावाला देतात, तसं झालं. फ्रीज निदान धूर सोडत नाही.

बाईंनी तिन्ही फाईली पिशवीत भरल्या आणि मला म्हणाल्या, "दोनशे चार, रजा टाक."

बसवाल्यांच्या ऑफिसात आम्हाला अडीच तास बाकावर बसवलं. मग साहेबांनी आत बोलावलं. साहेब गोड माणूस होता. असे गोड लोक फार महागात पडतात. बाईंनी बसायच्या आधी टेबलावर रुमाल मांडायला सुरुवात केली, एकाशेजारी एक, ओळी सरळ. साहेबांचा डबा उघडा होता, तो त्यांनी लगबगीने झाकला.

"मॅडम, आम्हीही तुमच्याच मताचे आहोत. सगळा ताफा बदलायचा आहे. पण टप्प्याटप्प्याने."

"आमचा टप्पा कोणता?"

"बहुतेक पाचवा."

"आत्ता कोणता चालू आहे?"

साहेबांनी शेजारच्या माणसाकडे बघितलं. "दुसरा संपत आलाय," तो म्हणाला.

"चेंडू टप्पे खातो," बाई म्हणाल्या. "माझा भाऊ श्वास घेतो. त्याला पाचव्या टप्प्यापर्यंत थांब म्हणून तुम्ही येऊन सांगा." मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या एका पांढऱ्या डब्याकडे गेलं. त्यावर हिरवा दिवा जळत होता. "हे काय आहे?"

"एअर प्युरिफायर. खोलीतली हवा शुद्ध करतो."

"काहून?"

माझे कान तापले होते. मी आयुष्यात सरकारी टेबलावर हात आपटला नव्हता, तो त्या दिवशी आपटला, पण फार जोरात नाही, कारण खाली रुमाल होते. साहेब म्हणाले, लेखी द्या, मी खास बाब म्हणून बघतो. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. अक्षर मोत्यासारखं. आमच्या थांब्यावर येणाऱ्या जुन्या डिझेल बस तेथून ताबडतोब हलवाव्यात आणि त्या जागी विजेवर चालणाऱ्या बस द्याव्यात. खाली सही.

दीड महिन्याने एका सकाळी सातला शिट्टी वाजली नाही. मी घाबरून गॅलरीत गेलो. खाली भिंतीलगत एक नवीकोरी इलेक्ट्रिक बस उभी होती. आवाज नाही, धूर नाही. बाई सवयीने मागे गेल्या होत्या, हातात रुमाल, आणि नळी शोधत होत्या. नळीच नव्हती. त्या तशाच रुमाल घेऊन उभ्या राहिल्या. शहांनी पेढे वाटले. आत मिलिंदभाऊंची खिडकी उघडली होती, फटीतला टॉवेल दोरीवर वाळत होता आणि ते उशीला टेकून बाहेर बघत होते.

"ऐकायलाच काही नाही हो," ते मला म्हणाले. "आली काय, गेली काय." पण त्यांचा चेहरा खुलला होता. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा न थांबता बाथरूमपर्यंत जाताना पाहिलं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. आम्ही सगळे तसंच समजून होतो. सकाळी सातला उठायची गरज नव्हती, शहांचं पोट पूर्ववत झालं. फक्त बाई दिसेनाशा झाल्या. रोज सकाळी साडेसहालाच त्या पांढरे बूट घालून बाहेर पडायच्या आणि नऊनंतर परतायच्या. विचारलं तर म्हणायच्या, विहारात पोरांना कवायत शिकवते. मला बरं वाटलं. बाईंना काहीतरी हवंच होतं हाताला.

महिन्याभराने आमचा मिक्सर बिघडला. विक्रोळीला एक जुना मेकॅनिक आहे, सकाळी लवकर गेलं तर लगेच करून देतो. मी पिशवीत मिक्सर घेऊन गेलो. खाडीच्या बाजूला चाळींच्या रांगा आहेत, तिथे एका बसचा शेवटचा थांबा आहे. त्या वळणावर मला शिट्टी ऐकू आली. शिट्ट्या सगळ्या सारख्याच असतात म्हणून मी पुढे निघालो. तेवढ्यात आवाज आला.

"कंबरेतून नाही, मांड्यांतून."

आमचीच ती ठेंगणी बस होती. आमचाच सावंत वर बसलेला. आणि मागे, दहा-बारा चाळकऱ्यांच्या मधोमध, पदर खोचून, सदुसष्ट वर्षांच्या तायडेबाई बस ढकलत होत्या. रस्ता सपाट, उतार नाही. बस इंच इंच सरकत होती. मग ती एकदम धक्का देऊन अडखळली, सगळे मागे फेकले गेले, बाईंनी खांदा धरला, आणि पुढच्या खेपेला इंजिन पेटलं.

धूर गेल्यावर त्यांना मी दिसलो. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. तसा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

"सावंतने फोन केला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाला, बाई, गाडी इकडे टाकली. मीच लिहिलं होतं ना. हलवाव्यात. भंगारात काढाव्यात असं काहून नाही लिहिलं? जन्मभर पोरांना सांगितलं, लिहिलेलं एकदा वाचून बघा. आणि मी वाचलं नाही. आपल्या दारातून गेली की झालं, एवढंच होतं डोक्यात."

बस उभी राहायची त्या जागेसमोरचं दार त्यांनी मला दाखवलं. दहा बाय दहाची खोली. दारात एक बाई डब्यांच्या पोळ्या लाटत होती, मागे खाटेवर तिची म्हातारी आई. खोलीला ते एकच दार.

"माझ्या भावाला बंद करायला खिडकी तरी होती," तायडेबाई म्हणाल्या. "यांनी काय बंद करायचं?"

साहेबांवर राग आला, त्या हिरव्या दिव्यावर आला, पेढे खाणाऱ्या आमच्या सगळ्यांवर आला. जुन्या बस गेल्या कुठे, हा प्रश्न आमच्या अख्ख्या सोसायटीत एकालाही पडला नव्हता. मला तर मुळीच नाही.

"नवा अर्ज दिलाय," बाई म्हणाल्या. "पाच वेळा वाचून. तोपर्यंत हे. आणि दोनशे चार, मिलिंदला बोलायचं नाही. त्याला आता कुठे चांगली झोप लागून राहिली. त्याला कळलं की त्याच्या हवेपायी कोणाची तरी गेली, तर तो ती खिडकी परत लावून घेईल. तसा आहे तो."

मी शब्द दिला. आणि त्याच संध्याकाळी तो पाळण्याची वेळ आली. बाई दळण आणायला गेल्या होत्या, आणि मिलिंदभाऊंनी मला खिडकीतून हाक मारली. आत गेलो. त्यांनी बसायला सांगितलं आणि दाराकडे एकदा बघितलं.

"विहारात डिझेलचा वास येत नाही," ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"पदराला येतो तिच्या. मी तीस वर्षं त्याच वासात काढली, मला फसवते?" ते श्वासासाठी थांबले. "कुठे टाकली ती गाडी?"

"विक्रोळीला," मी म्हणालो. माझा शब्द एवढाच टिकला.

"सपाट आहे ना रस्ता?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"ताई आली की उजवा खांदा धरून बसते. पाण्याचा तांब्या डाव्या हाताने उचलते. म्हणजे सावंत पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडतोय. त्याला वाटतं, गाडीला वेग नाही, पहिल्यातच उठेल. पहिल्यात गाडी अडून झटका देते, तो मागच्या माणसाच्या खांद्यात जातो." पुन्हा ते थांबले. मशीनचा आवाज येत राहिला. "त्याला सांग, दुसरा टाक. थोडी जास्त ढकलावी लागेल, पण मऊ उठते. ताईचं वय झालंय हो. कोणी सांगत नाही तिला."

एवढं बोलायला त्यांना पाच-सहा वेळा श्वास घ्यावा लागला. मी विचारलं, तुम्हीच का नाही सांगत त्यांना?

"मला कळलंय म्हटल्यावर ती जायची बंद होईल. मला घोर नको म्हणून. मग त्या विक्रोळीवाल्यांचं कसं?"

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला विक्रोळीला गेलो. सावंतच्या खिडकीशी जाऊन सांगितलं, दुसरा गिअर. मग मागे येऊन बाईंच्या शेजारी उभा राहिलो आणि ढकललं. जास्त ढकलावं लागलं, माझ्या पोटऱ्या भरून आल्या. पण बस अडखळली नाही. आपल्या हाताखालून नुसती निघून गेली, चालू होऊन. बाईंचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग त्यांनी खांदा फिरवून पाहिला.

"दुसरा गिअर तुला कोणी सांगितला?"

मी मिक्सरवाल्याचं नाव घ्यावं म्हणून तोंड उघडलं. बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. बत्तीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेली बाई ती. त्या हळूच जाऊन त्या पोळीवाल्या बाईच्या पायरीवर बसल्या. थकून बसलेलं त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं. पदराचं टोक त्यांनी नाकाशी नेलं, वास घेतला, आणि तसंच डोळ्यांना लावलं.

"केव्हापासून माहीत आहे त्याला?"

"पहिल्यापासून असावं."

"आणि खिडकी उघडी ठेवली त्याने." मग त्या उठल्या, साडी झटकली. "दोनशे चार, मला कळलंय हे त्याला सांगायचं नाही. सांगितलंस तर तो खांदा दुखतो का म्हणून रोज विचारेल, आणि मला ते सहन व्हायचं नाही."